2005 चा गेम, 2021 चं कार्ड

'जीटीए सॅन अँड्रियास' पीसीवर आला जून 2005 मध्ये. एएमडीचं 'रेडिऑन आरएक्स 6600' हे ग्राफिक्स कार्ड बाजारात आलं ऑक्टोबर 2021 मध्ये. मधे सोळा वर्षं. गेम लिहिणाऱ्यांना या कार्डाची चाहूलही नव्हती, आणि कार्डाची चिप आखणाऱ्यांनी या एका गेमसाठी म्हणून त्यात काही घातलेलं नाही. तरी आज हे कार्ड मशीनमध्ये बसवा आणि गेम सुरू करा. गेमचा नायक सीजे सायकलवर टांग मारतो आणि आपल्या गल्लीच्या, ग्रोव्ह स्ट्रीटच्या दिशेने निघतो. रस्ता, पामची झाडं, धुरकट केशरी आकाश, सगळं जागच्या जागी.

हे इतक्या सहज होतं की कुणाला त्यात नवल वाटत नाही. मला मात्र दर वेळी वाटतं. 'जुने गेम खेळायचेत, बेताच्या किमतीचं कुठलं कार्ड घेऊ?' या प्रश्नाचं खरं उत्तरही या नवलातच आहे. लोक 'जुनेच गेम ना, मग काहीही चालेल' म्हणून विचारणाऱ्याची बोळवण करतात. काहीही चालत नाही. कधी कधी जास्त महागाचं, जास्त नवं कार्ड जुन्या गेमला कमी मानवतं. असं का होतं ते कळायला आधी एक पिक्सेल रंगतो कसा, ते जवळून बघायला हवं.

आपल्या नेहमीच्या फुल एचडी मॉनिटरवर आडवे 1920 आणि उभे 1080 ठिपके असतात, म्हणजे 20,73,600 पिक्सेल. खेळ सुरळीत दिसायला सेकंदाला 60 चित्रं लागतात. म्हणजे सेकंदाला जवळपास साडेबारा कोटी पिक्सेल, आणि एका चित्राच्या वाट्याला 16.7 मिलिसेकंद. आपली पापणी लवायलाही याच्या कित्येक पट वेळ लागतो.

त्यातला एकच पिक्सेल घेऊ: रस्त्यात उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटवरचा. मशीनच्या लेखी गाडी नसतेच, असतात फक्त त्रिकोण. एकमेकांना चिकटलेल्या शेकडो त्रिकोणांतून बॉनेट, टप, दरवाजे तयार होतात. प्रत्येक त्रिकोणाच्या तिन्ही कोपऱ्यांची गेमच्या जगातली जागा आकड्यांत लिहिलेली असते. कॅमेरा या क्षणी इथे आहे, तर हा कोपरा पडद्यावर नेमका कुठे पडेल, हे कार्ड मॅट्रिक्सच्या गुणाकाराने काढतं. तिन्ही कोपरे पडद्यावर पडले, की त्या त्रिकोणाच्या पोटात कुठकुठले पिक्सेल येतात ते ठरतं. मग आपल्या पिक्सेलची चौकशी होते. इथे आधीच कुणी रंग भरलाय का? भरला असेल, तर ती वस्तू जास्त जवळ आहे का? बॉनेटच्या पुढे दिव्याचा खांब असेल तर आपला पिक्सेल तिथेच बाद. नसेल तर बॉनेटवर ताणून बसवलेल्या चित्रातून, म्हणजे टेक्स्चरमधून, शेजारशेजारचे चार ठिपके उचलायचे, त्यांचं मिश्रण करायचं, त्यावर उन्हाच्या कोनाचा हिशेब चढवायचा, लांबच्या धुक्याचा थोडा राखाडी मिसळायचा, आणि शेवटी मेमरीत एक आकडा लिहायचा. पुढच्या 16.7 मिलिसेकंदांत हे सगळं पुन्हा पहिल्यापासून, कारण सीजेने मान जरा वळवलेली असते.

यात एकेक गणित साधं आहे, पण त्यांची संख्या अफाट आहे. म्हणून कार्डाची रचना लेझीम पथकासारखी असते: हलगीच्या एका ठोक्यावर सगळ्यांनी एकच पाऊल टाकायचं. एनव्हीडियाच्या चिपमध्ये 32 चा एक गट असतो आणि गटातल्या सगळ्या पिक्सेलांवर एका वेळी एकच सूचना चालते. त्यातल्या चौघांवर सावली पडली आणि त्यांचं गणित वेगळं निघालं, तर ते उरकेपर्यंत बाकीचे अठ्ठावीस थांबून राहतात.

या पद्धतीची ताकद किती, ते सांगायला पुण्याचंच उदाहरण आहे. सी-डॅकचा 'परम 10000' हा महासंगणक 1998 मध्ये पुण्यात उभा राहिला. त्याची कमाल क्षमता 100 गिगाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला दहा हजार कोटी आकडेमोडी. देशाच्या अभिमानाची गोष्ट होती ती, आणि आजही आहे. 2016 मध्ये आलेलं एनव्हीडियाचं 'जीटीएक्स 1050 टीआय' हे बेताच्या किमतीचं कार्ड 75 वॅट विजेत 2.1 टेराफ्लॉप्सपर्यंत जातं. आकड्याने एकवीस पट! पण इथे घाई करून चालणार नाही. परमसारखी यंत्रं हवामानाच्या, रेणूंच्या गणितांसाठी पंधरा-सोळा अंकी अचूकतेने काम करतात. तेवढी अचूकता मागितली तर हे कार्ड आपल्या वेगाच्या बत्तिसाव्या हिश्श्यावर येतं, साधारण 67 गिगाफ्लॉप्सवर, म्हणजे परमच्याही खाली. बॉनेटच्या लाल रंगाला सात अंकी अचूकता पुष्कळ झाली. चिपवरची जागा महाग असते, आणि डोळ्याला जे दिसणारच नाही त्यासाठी ती खर्चायची नाही, हे आखणाऱ्यांनी ठरवलं. नुसत्या वेगापेक्षा मला हा निर्णय जास्त विलक्षण वाटतो.

आता मुख्य गोष्ट. 2005 चा गेम 2021 च्या कार्डाशी बोलतो कसा? थेट बोलतच नाही. मधे एक करार आहे, मायक्रोसॉफ्टचा डायरेक्ट थ्रीडी. गेम त्या करारातल्या शब्दांत एवढंच म्हणतो: हे त्रिकोण घे, हे टेक्स्चर लाव, असा प्रकाश टाक, काढ. ती मागणी कार्डाच्या ड्रायव्हर नावाच्या सॉफ्टवेअरकडे जाते आणि ड्रायव्हर तिचं भाषांतर त्या विशिष्ट चिपच्या भाषेत करतो. रंगछटांचे जे छोटे प्रोग्राम असतात, ज्यांना शेडर म्हणतात, तेही गेममध्ये कुठल्याच चिपच्या भाषेत नसतात. ते एका मधल्या भाषेत साठवलेले असतात आणि तुमच्या घरी, तुमच्या मशीनवर, तिथल्या तिथे उलगडले जातात. म्हणून 2005 मधला शेडर अशा चिपवर चालतो, जिची भाषा 2005 मध्ये अस्तित्वातच नव्हती.

त्याहून जुन्या गेमची कथा आणखी सुरस आहे. 2001 मध्ये 'जीफोर्स 3' येईपर्यंत सर्वसाधारण कार्डांत शेडर नव्हते. प्रकाश, धुकं, टेक्स्चरचं मिश्रण यांची सर्किटं चिपमध्ये कायमची कोरलेली असत आणि गेम फक्त खटके चालू-बंद करायचा. 2003 चा 'व्हाइस सिटी' मुख्यतः याच पद्धतीने चित्र काढतो. आजच्या चिपमध्ये ती सर्किटं उरलेली नाहीत. गेम खटका दाबतो, समोर खटकाच नाही, आणि ड्रायव्हर त्या क्षणी एक छोटा शेडर लिहून त्या जुन्या सर्किटचं वागणं हुबेहूब उभं करतो. गेमला कळतही नाही.

करार पाळणारा कुणी उरला नाही तर काय होतं, याचंही उदाहरण आहे. 1996 मध्ये आलेल्या थ्रीडीएफएक्स कंपनीच्या 'व्हूडू' कार्डात 4 एमबी मेमरी होती आणि त्याची ग्लाइड नावाची स्वतःची भाषा होती. खूप गेम ग्लाइडमध्ये लिहिले गेले. 2000 सालच्या अखेरीस थ्रीडीएफएक्स बुडाली, तिची मालमत्ता एनव्हीडियाने घेतली, आणि ग्लाइड समजणारं नवं कार्ड पुन्हा बनलं नाही. ते गेम अनाथ झाले. पुढे 'डीजीव्हूडू' नावाचा मोफत प्रोग्राम आला. तो ग्लाइडमधली मागणी ऐकतो आणि आजच्या डायरेक्ट थ्रीडीत सांगतो. एका माणसाने छंद म्हणून चालवलेलं हे काम किती लोकांचं बालपण पुन्हा सुरू करून देतं, याचा विचार करावा.

तर कार्ड निवडताना खरा प्रश्न ड्रायव्हरच्या स्मरणशक्तीचा असतो. इंटेलचं उदाहरण घ्या. इंटेलची 'आर्क ए750' आणि 'ए770' ही कार्डं ऑक्टोबर 2022 मध्ये आली तेव्हा किमतीच्या मानाने दमदार होती, पण नव्या गेममध्ये. जुने गेम ज्या आवृत्तीत बोलतात त्या डायरेक्ट थ्रीडी 9 साठी त्यांच्याकडे स्वतःचा ड्रायव्हरच नव्हता. जुनी मागणी आधी डायरेक्ट थ्रीडी 12 मध्ये बदलून मग पुढे जायची, आणि त्यात जुने गेम अडखळायचे. इंटेलने नंतर झपाट्याने सुधारणा केल्या आणि 2023 मध्ये चित्र पुष्कळ बदललं, पण या कार्डांना मदरबोर्डवर रिसायझेबल बार ही, प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी, सोय लागते, नाहीतर वेग बराच घटतो. जुने गेम खेळणाऱ्याचं मशीनही बऱ्याचदा जुनंच असतं. तिथे मी आर्क सुचवणार नाही.

एनव्हीडियाच्या बाबतीत 2025 मध्ये उलटंच घडलं. नव्या कोऱ्या आरटीएक्स 50 मालिकेत कंपनीने 32 बिटच्या कूडा प्रोग्रामना, म्हणजे कार्डाकडून चित्राखेरीज इतर आकडेमोड करून घेणाऱ्या प्रोग्रामना, दिलेला आधार काढून टाकला. 'मिरर्स एज', 'बॅटमन: अर्खम सिटी', 'बॉर्डरलँड्स 2' अशा गेममध्ये फुटणाऱ्या काचा, फडकणारं कापड, उडणारा धुरळा हे सगळं फिजएक्स या कूडावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या 32 बिट रूपावर चालायचं. ते काम कार्डाऐवजी प्रोसेसरवर येऊन पडलं आणि जगातलं सगळ्यात बलवान कार्ड लावूनही तिथे खेळ रखडू लागला. ओरड झाल्यावर 2025 च्या अखेरीस काही निवडक गेमसाठी तो आधार परत आला. दहा वर्षांपूर्वीचं कार्ड मात्र त्या काचा तेव्हाही निमूटपणे फोडत होतं.

खिशात हात घालण्यापूर्वी आणखी एक तपासा: अडचण कार्डाची आहे का? डायरेक्ट थ्रीडी 9 मध्ये प्रत्येक वस्तू काढायची मागणी प्रोसेसरच्या एकाच कोअरमधून जाते. मोठं शहर, हजारो वस्तू, की तो एक कोअर धापा टाकतो आणि कार्ड रिकामं बसतं. नोव्हेंबर 2007 चा 'क्रायसिस' आजही काही ठिकाणी नव्या मशीनला जड जातो तो याचमुळे. तो बनला तेव्हा प्रोसेसरचा वेग असाच चढत जाईल असं गृहीत होतं. प्रत्यक्षात वेग अडला आणि कोअर वाढले. 'एमएसआय आफ्टरबर्नर' हे मोफत सॉफ्टवेअर खेळता खेळता कार्डाचा वापर किती टक्के आहे ते कोपऱ्यात दाखवतं. खेळ अडखळतोय आणि आकडा चाळिसावर आहे, तर नवं कार्ड आणून काडीचा फरक पडणार नाही.

तुमचे गेम 2010 च्या आधीचे असतील, म्हणजे 'काउंटर-स्ट्राइक 1.6', 'एनएफएस मोस्ट वाँटेड', 'एज ऑफ एम्पायर्स 2', 'प्रोजेक्ट आयजीआय', हे सायबर कॅफेच्या काळातलं सगळं वैभव, आणि मशीनमध्ये 'रायझन 5 5600जी'सारखा ग्राफिक्स असलेला प्रोसेसर असेल, तर कार्ड घेऊच नका. रॅमची एकाऐवजी दोन स्टिक लावा, कारण अशा प्रोसेसरचं ग्राफिक्स रॅममधूनच डेटा ओढतं. तेवढ्याने भागतं.

2010 ते 2016 च्या गेमसाठी, म्हणजे 'स्कायरिम', 'जीटीए 5', 'विचर 3' या पिढीसाठी, कार्ड हवंच. नवं घ्यायचं तर मी 'आरएक्स 6600' म्हणेन. 8 जीबी मेमरी, 132 वॅट, 8 पिनची एकच वायर, आणि चांगल्या कंपनीचा 450 वॅटचा एसएमपीएस पुरतो. 2024 मध्ये ते भारतात वीस हजारांच्या आसपास मिळत होतं. एएमडीने 2022 मध्ये ओपनजीएल या डायरेक्ट थ्रीडीसारख्याच दुसऱ्या कराराचा ड्रायव्हरही मुळापासून सुधारला, त्यामुळे त्या बाजूच्या जुन्या गेमची कुरकुर संपली. ऑफिसमधून निघालेलं जुनं ब्रँडेड मशीन असेल आणि एसएमपीएसमधून जादा वायरच निघत नसेल, तर 'जीटीएक्स 1650'चं बिनवायरीचं मॉडेल घ्यावं. त्याला मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळणारे 75 वॅट पुरतात. 'आरएक्स 6500 एक्सटी'पासून मात्र लांब राहा. मदरबोर्डकडून डेटा आणायला त्याला चारच लेन दिल्या आहेत, आणि जुन्या पीसीआय एक्सप्रेस 3.0 बोर्डावर त्यांचाही वेग निम्मा होतो. नेमकं ज्याच्याकडे जुनं मशीन आहे, त्यालाच ते छळतं.

सेकंड हँडमध्ये 2016 चं 'जीटीएक्स 1060', तेही 6 जीबीचं, अजून उत्तम आहे. ऑक्टोबर 2025 नंतर त्या पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर मिळणं थांबलं, हे ऐकून लोक ते टाळतात. जुन्या गेमसाठी ही बातमी अजिबात वाईट नाही. त्या गेमसाठी ड्रायव्हर केव्हाच पक्का झालाय, आणि सुरक्षेचे अपडेट 2028 पर्यंत येत राहणार आहेत.

बाजारात डोळे उघडे ठेवावे लागतात, मग तो मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की ऑनलाइन. खोक्यावरचं नाव पुरेसं नसतं. 'जीटी 1030' हे कार्ड 2017 मध्ये जीडीडीआर5 मेमरीसह आलं, मेमरीचा वेग सेकंदाला 48 जीबी. पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर4 मेमरीचं कार्ड विक्रीला आलं, वेग 16.8 जीबी. तेच नाव, तसंच खोकं, आणि पिक्सेलना लागणारं टेक्स्चर तिप्पट सावकाश येणार. फरक खोक्यावरच्या बारीक अक्षरांत. 'आरएक्स 580 2048एसपी' नावाने मिळतं ते प्रत्यक्षात 'आरएक्स 570'च्या तोडीचं असतं. खऱ्या 580 मध्ये 2304 शेडर कोअर असतात. त्याहून वाईट म्हणजे जुन्या चिपचं बायोस बदलून तिला '1050 टीआय' म्हणून खपवणं. विंडोज फसतं. 'जीपीयू-झेड' हा छोटा मोफत प्रोग्राम पेनड्राइव्हवर घेऊन जा; तो चिपची ओळख तपासतो आणि बनावट कार्डावर तसा शेरा मारतो. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झाल्यावर पुष्कळ कार्डं बाजारात आली. मायनिंगचं कार्ड म्हणून लगेच नाक मुरडू नये, पण पंख्याचा आवाज ऐकावा आणि अर्धा तास गेम चालवून पडद्यावर रंगीत चौकटी उमटतात का ते बघूनच पैसे द्यावेत. मॉनिटर जुना व्हीजीएचा असेल तर आत चिप असलेला कन्व्हर्टर लागेल. या कार्डांमधून व्हीजीएचा सिग्नल निघतच नाही, त्यामुळे नुसती पिन बदलणारी वायर उपयोगाची नाही.

कार्ड बसलं, की जुन्या गेमला जास्तीचा वेग सोसत नाही, हे लक्षात ठेवावं. 'स्कायरिम'मध्ये वस्तूंच्या हालचालीचं गणित सेकंदाला 60 चित्रं धरून बांधलंय. 144 हर्ट्‌झच्या मॉनिटरवर मोकळं सोडलं तर घरात शिरताच टेबलावरच्या ताटल्या हवेत उडतात. ड्रायव्हरमध्ये 60 ची मर्यादा घालावी. काही जुन्या गेमना आजच्या कार्डाची मेमरी नीट मोजताच येत नाही: 32 बिटांत मावणारा सगळ्यात मोठा आकडा 429 कोटी 49 लाख 67 हजार 295, म्हणजे 4 जीबीच्या जरा अलीकडे, आणि समोर असते 8 जीबी. 'जीटीए 4' तर मेमरी अपुरी समजून चांगली सेटिंग्ज कुलूपबंद ठेवतो. त्याच्या फोल्डरमध्ये कमांडलाइन नावाची एक टेक्स्ट फाइल ठेवून ती उघडता येतात. याच गेमसाठी अनेक जण 'डीएक्सव्हीके' वापरतात. फिलिप रेबोले यांनी तो 'निअर: ऑटोमाटा' लिनक्सवर खेळता यावा म्हणून सुरू केला होता, तो डायरेक्ट थ्रीडीचं वल्कन या नव्या करारात भाषांतर करतो, आणि त्याची एक फाइल विंडोजवरच्या गेमच्या फोल्डरमध्ये टाकली तरी पुष्कळदा खेळ नितळ होतो.

मग उरलेल्या ताकदीचं काय करायचं? माझ्या मते जुने गेम खेळण्यातली सर्वांत मोठी मौज इथेच आहे. एएमडीच्या ड्रायव्हरमध्ये 'व्हर्च्युअल सुपर रिझोल्यूशन' आणि एनव्हीडियाच्या ड्रायव्हरमध्ये 'डीएसआर' असतं. ते चालू करून गेममध्ये 3840 बाय 2160 निवडा. कार्ड आता 83 लाख पिक्सेल काढतं आणि तुमच्या मॉनिटरच्या प्रत्येक ठिपक्यासाठी चार पिक्सेलांचं मिश्रण करून एक रंग देतं. तारांचं कुंपण, विजेच्या तारा, लांबच्या इमारतींच्या कडा, जे काही 2005 मध्ये लुकलुकायचं आणि दातेरी दिसायचं, ते शांत आणि रेखीव होतं. इतकं स्वच्छ चित्र हा गेम बनवणाऱ्यांना त्यांच्या टेबलावर क्वचितच दिसलं असेल. काही गेममध्ये यामुळे नकाशा आणि पाट्यांची अक्षरं फार बारीक होतात. तिथे 2560 बाय 1440 वर थांबावं.